रुसलेला पडदा

मनुष्य अबोला धरून बसला म्हणजे त्याचें कारण शोधून काढणें मोठें अवघड असतें. त्यास मान असतो, राग असतो, आणि पुष्कळदां कारण ठाऊक असूनहि तो तें सांगत नाहीं. यंत्र रुसलें, असें आपण बोलण्याच्या ओघांत म्हणतों खरें; परंतु यंत्राच्या ठायीं मानापमान कोठले? त्याच्या मुकेपणास कांहीं एक कारण असतें, तें एका ठराविक जागीं दडलेलें असतें, आणि क्रमानें विचारीत गेल्यास तें हातीं लागतें. ही गोष्ट ऐकावयास सोपी आहे. पण वेळ थोडा व मंडळी उतावीळ असतां ती आठवणें कठीण. आम्हांस तिचा प्रत्यय संत तुकाराम नगरांतील एका इमारतीच्या सभागृहांत, पन्नासएक मुलांच्या गलबल्यांत आला.

पिंपरीचें संत तुकाराम नगर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पायांखालचें आहे. जुन्या पुणें-मुंबई रस्त्यालगत वल्लभनगरचें एस. टी. स्थानक, आंतल्या बाजूस यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय, आणि ६ मार्च २०२२ पासून डोक्यावरून धांवणारी मेट्रो व तिचें याच नांवाचें स्थानक. वस्तींत कारखान्यांत राबणाऱ्यांचीं घरें पुष्कळ. १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून भोसरी व चाकण येथील आजच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत कोठें ना कोठें या घरांचा संबंध पोहोंचतो. पाना, पकड आणि टेस्टर या वस्तु येथील घरांत देव्हाऱ्यांतील समईइतक्याच ओळखीच्या. यंत्र बिघडलें म्हणून घाबरणारी ही माणसें नव्हत. तरी त्या सायंकाळीं सर्वांचीच तारांबळ उडाली.

दिवस होता २३ ऑगस्ट २०२३, बुधवार. १४ जुलै रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें चंद्रयान-३ सहाच्या सुमारास चंद्रावर उतरावयाचें होतें. चार वर्षांपूर्वीं, ७ सप्टेंबर २०१९ च्या उत्तररात्रीं, चंद्रयान-२ मधील विक्रम हें यान चंद्रभूमीपासून सुमारें दोन किलोमीटर अंतरावर आलें असतां त्याचा संपर्क तुटला होता. त्या रात्रीं जागून डोळे पुसत निजलेलीं मुलें आतां थोडीं मोठीं झालीं होतीं. त्यांनींच ठरविलें, कीं या खेपेस घरोघरीं न पाहतां सर्वांनीं मिळून सभागृहांतील मोठ्या टीव्हीवर पाहावें. टीव्हीस वाहिन्यांची जोडणी नव्हती. म्हणून तिसऱ्या मजल्यावरील महाविद्यालयांत जाणाऱ्या ताईचा लॅपटॉप आणून तो टीव्हीस जोडावयाचा, असा बेत झाला. मोबाइलवर पाहतां आलें असतें. परंतु हाताएवढ्या कांचेभोंवतीं पन्नास मुलें कशीं मावणार? रखवालदाराचीं दोन मुलें, ज्यांच्या खोलींत टीव्ही नव्हता, तीं चार वाजल्यापासूनच पुढच्या सतरंजीवर जागा धरून बसलीं होतीं.

पांच वाजतां ताईनें तार जोडली. लॅपटॉपच्या पडद्यावर सर्व कांहीं स्वच्छ दिसत होतें. टीव्हीच्या पडद्यावर मात्र 'सिग्नल नाहीं' एवढीं अक्षरें इकडून तिकडे फिरत राहिलीं. मग जें अशा प्रसंगीं सर्वत्र घडतें तेंच येथें घडलें. एकानें तार उपसून पुन्हां खुपसली. दुसऱ्यानें टीव्ही बंद करून चालू केला. तिसऱ्यानें नवी तार आणण्यासाठीं पिंपरीच्या बाजारांत धांवण्याची तयारी केली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तर टीव्हीच्या पाठीवर दोन थापट्याहि मारल्या.

त्या थापट्यांना आम्ही हंसलों नाहीं. कारण त्यांच्या मागें एका पिढीचा अनुभव होता. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि पुढें सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्याच्या टापूंतहि चित्रें दिसूं लागलीं. त्या काळीं एकानें गच्चीवर जाऊन अँटेना फिरवावी, दुसऱ्यानें जिन्यांत उभें राहावें, आणि तिसऱ्यानें खोलींतून ओरडावें, "आलं, आलं! गेलं!" असा घरोघरीं शिरस्ता होता. त्या वेळचा बिघाड हळूहळू येई. प्रथम पडद्यावर मुंग्या, मग दुहेरी चेहरे, मग नुसती खरखर. आणि हात थोडा इकडे तिकडे झाला कीं सुधारणाहि तितकीच हळूहळू दिसे. आजचीं यंत्रें चित्राचे आंकडे करून धाडतात. आंकडे पोहोंचले तर चित्र निर्मळ, न पोहोंचले तर पडदा कोरा. अधलीं मधलीं अवस्था फारशी उरलेली नाहीं. म्हणून अंदाजानें हालवून पाहण्याची जुनी विद्या आज निरुपयोगी ठरते. आज विचारपूस करावी लागते.

ही विचारपूस करणारे गृहस्थ तळमजल्यावर राहत. उभा जन्म त्यांनीं भोसरीच्या एका कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीच्या खात्यांत काढला होता. मुलें त्यांना आजोबाच म्हणत. ते चष्मा पुशीत पुढें आले.

"अरे, सगळ्यांनीं एकदम हात लावूं नका. एका वेळीं एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशानें आला तें कळायचं नाहीं."

"आजोबा, पण वेळ थोडा आहे!" कोणी तरी म्हणालें.

"म्हणूनच सांगतों. घाई असली म्हणजे तर क्रम सोडूं नये."

त्यांनीं बोटांवर चार नांवें मोजलीं: टीव्ही, तार, जोड आणि लॅपटॉप. चौघांपैकीं एक दोषी. बाकीच्यांस निर्दोष ठरवून सोडून द्यावयाचें. आरंभ टीव्हीपासून झाला. तार पाठीमागच्या दुसऱ्या खांचेंत होती आणि टीव्ही पहिल्या खांचेकडे कान लावून बसला होता! रिमोटवरील 'सोर्स' हें बटण दाबून त्यास दुसऱ्या खांचेकडे वळविलें. तरीहि चित्र आलें नाहीं. परंतु एक शंका फिटली. नंतर वरच्या मजल्यावरून एक सेट-टॉप बॉक्स आणविला. गच्चीवरील छत्रीची तार खालपर्यंत येत नसल्यामुळें त्यावर वाहिन्या दिसणार नव्हत्या. पण त्याची स्वतःची आरंभींची पाटी दिसावयास हवी होती. ती दिसली. टीव्ही व त्याची खांच सुटली. मग तोच बॉक्स ताईच्या तारेनें जोडला; पाटी पुन्हां दिसली. तार सुटली, आणि बाजारांत धांवणाऱ्याचे पैसेहि वांचले. अवघ्या दहा मिनिटांत चौघांपैकीं दोघे निर्दोष ठरले होते, आणि गोंगाट आपोआप निवला होता. मुलें आतां पडद्याकडे न पाहतां आजोबांच्या हातांकडे पाहत होतीं.

राहिले लॅपटॉप आणि त्याचा जोड. ताईनें कळफलकावरील विंडोजची खूण व 'पी' हीं दोन बटणें एकदम दाबलीं. चित्र केवळ लॅपटॉपवर ठेवावें, दोन्हीकडे सारखें दाखवावें, दोन पडदे मिळून एक लांब पडदा करावा, कीं केवळ दुसऱ्याच पडद्यावर दाखवावें, असे चार पर्याय पुढें आले. तिनें दुसरा निवडला. दुसरा पडदा सांपडत नाहीं, असें उत्तर मिळालें. आजोबा म्हणाले, "हें फार चांगलं झालं. याचा अर्थ, आपल्याला कोणी जोडलं आहे याची लॅपटॉपला वार्ताच नाहीं. निरोप दारांतच अडतो आहे."

लॅपटॉपच्या दोन बाजूंस दोन लांबट, अगदीं एकसारखीं छिद्रें होतीं. डावीकडच्यांत जोड होता व उजवीकडच्यांत विजेची तार. आजोबांनीं मोबाइलचा दिवा धरून तीं न्याहाळलीं. डावीकडे नुसती बारीक त्रिशूळासारखी खूण. उजवीकडे इंग्रजी 'डी' व 'पी' एकांत एक गुंफल्यासारखी आणखी एक. "ताई, विजेची तार काढ आणि जोड इकडे लाव." लॅपटॉपचा पडदा क्षणभर काळा झाला, आणि दुसऱ्याच क्षणीं बंगळुरूचें नियंत्रण-दालन सभागृहाच्या भिंतीवर उमटलें. जो जल्लोष झाला तो रुग्णालयापर्यंत ऐकूं गेला असल्यास नवल नाहीं. आवाज अद्याप लॅपटॉपमधूनच बारीक येत होता. ध्वनीच्या यादींत टीव्हीचें नांव निवडतांच तोहि खणखणला. चित्राच्या कडा कापल्या जात होत्या. टीव्हीच्या चित्राचें आकारमान बदलतांच त्या जागेवर आल्या. घड्याळांत पांच वाजून चाळीस मिनिटें झालीं होतीं.

दोन छिद्रें दिसावयास सारखीं आणि गुणांत भिन्न, हें कसें, असा प्रश्न एका चुणचुणीत मुलीनें तेथेंच विचारला. या खांचेस यूएसबी-सी म्हणतात. तिचा आकार सर्वत्र एक. परंतु आंतून वीज, माहिती व चित्र यांपैकीं काय काय न्यावयाचें, हें लॅपटॉप बनविणारा ठरवितो. कोठें तिन्ही जातात, कोठें दोनच. बाह्याकारावरून योग्यता ठरवूं नये, हें आपण माणसांविषयीं ऐकतों. येथें तें दोन छिद्रांनीं शिकविलें.

आणि 'वार्ता नाहीं' म्हणजे काय, तेंहि सांगण्याजोगें आहे. टीव्हीस जी तार लागते तिला एचडीएमआय म्हणतात. सात कंपन्यांनीं मिळून तिचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्यें प्रसिद्ध केला. तिच्या टोकांत १९ पिना असतात आणि चित्राबरोबर आवाजहि त्याच तारेंतून जातो. त्यापूर्वींच्या, १९८७ सालीं आलेल्या, व्हीजीए नांवाच्या १५ पिनांच्या तारेंतून आवाज जात नसे. परंतु चित्र जाण्यापूर्वीं एक छोटा विधि होतो. एका पिनेंतून पांच व्होल्टांचा दाब टीव्हीकडे जातो, म्हणजे दारावर थाप पडते. टीव्ही दुसऱ्या पिनेनें 'मी आहें' असें कळवितो. मग संगणक त्याची पत्रिका मागवून वाचतो. निदान १२८ बाइटांच्या या पत्रिकेंत टीव्हीचें कूळ, आकारमान, आणि किती बारकाव्याचें चित्र तो झेलूं शकतो, हें लिहिलेलें असतें. पत्रिका जुळली म्हणजेच चित्राची वरात निघते. आमच्या प्रसंगीं डाव्या छिद्रांतून दारावर थापच पडत नव्हती. मग पत्रिका कोठली आणि वरात कोठली! कधीं कधीं सर्व जुळूनहि एखादा चित्रपट तेवढा काळा दिसतो. कारण चोरून प्रत होऊं नये म्हणून त्यावर कुलूप असतें, आणि साखळींतील एकादा जोड तें कुलूप ओळखत नसतो. तेथें तार बदलून भागत नाहीं.

पांच वाजून चव्वेचाळीस मिनिटांनीं विक्रमची अवघड उतरण सुरू झाली. सभागृहांत टांचणी पडली असती तर ऐकूं आली असती. चंद्र आपणांपासून सुमारें ३ लक्ष ८४ हजार किलोमीटर दूर. तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर यावयास सव्वा सेकंदाहून किंचित् अधिक वेळ लागतो. एवढा मार्ग जो संदेश डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच कापतो, तो आमच्या सहा फुटी तारेच्या तोंडाशीं चाळीस मिनिटें अडून बसला होता! सहा वाजून चार मिनिटांनीं विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशांत अलगद टेंकला. तेथें पोहोंचणारा आपला देश पहिला, आणि चंद्रावर यान हळुवार उतरविणाऱ्यांत चौथा. रखवालदाराचीं तीं दोन मुलें टाळ्या वाजवीत सतरंजीवरच उभीं राहिलीं.

घरीं परततांना आजोबांशीं जें बोलणें झालें, तें आम्हांस त्या सोहळ्याइतकेंच मोलाचें वाटतें. ते म्हणाले, कीं चंद्रयान-२ च्या अपयशानंतर शास्त्रज्ञांनींहि हेंच केलें. त्यांनीं शेवटच्या क्षणांची एक एक नोंद तपासली. एंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक निघाला. चूक सांवरण्यासाठीं यानास वळतां येण्याचा वेग मर्यादित होता. आणि उतरावयाची जागा अर्धा किलोमीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे फारच आंखूड होती. एक एक कारण निराळें काढून त्यावर एक एक उपाय झाला. पाय बळकट केले, इंधन वाढविलें, पांचांऐवजीं चार एंजिनें ठेविलीं, आणि जागा सुमारें चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद धरली. काय काय बिघडूं शकेल याचा आधीं विचार करून हें यान रचलें, असें इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीं स्पष्ट सांगितलें होतें. चंद्रावरचें काम आणि सभागृहांतलें काम यांच्या मोठेपणांत जमीन-अस्मानाचें अंतर. रीत मात्र एकच.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींहि केव्हां तरी पडदा रुसेल. त्या वेळीं टीव्ही कोणत्या खांचेकडे पाहत आहे तें प्रथम पाहा; तार दुसऱ्या यंत्रावर लावून पारखा; जोडाजवळची खूण वाचा; लॅपटॉपास दुसरा पडदा दिसतो कीं नाहीं तें त्यालाच विचारा; आणि एका वेळीं एकच गोष्ट बदला. गणितांतील उत्तर चुकलें, प्रयोगशाळेंतील प्रयोग फसला, किंवा मित्राशीं विनाकारण बोलणें तुटलें, तरीहि सर्वांवर एकदम हात न टाकतां कोणता दुवा निसटला हें शोधण्याची संवय ठेवा. पालकांसहि आमची एक विनंति आहे. बिघडलेल्या वस्तूभोंवतीं मूल घोटाळूं लागलें, तर त्यास 'हात लावूं नकोस' म्हणून दूर सारूं नये. विजेचें बटण बंद करावें, जवळ बसावें, आणि 'आतां काय तपासायचें?' असें त्यालाच विचारावें. त्या सायंकाळीं पन्नास मुलांनीं चंद्रावरचें यान तर पाहिलेंच. पण एक म्हातारा कारागीर विचार कसा करतो, हेंहि पाहिलें. आणि तें शिक्षण त्यांस पुढें पुष्कळ वर्षें पुरेल अशी आमची खात्री आहे.