गारखेड्यातील मधुमालती

सूतगिरणी चौकातून विभागीय क्रीडा संकुल मागे टाकून गारखेड्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरले, की वाहनांचा गोंगाट ओसरतो. दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या फाटकावरून मंद, गोड सुगंध येतो. वळून पाहावे तर लोखंडी कमानीवर मधुमालतीचे घोस लोंबत असतात. विस्मरण जडलेल्या माझ्या वडिलांचा हात धरून मी रोज याच वाटेने फेरी मारतो.

गेल्या पावसाळ्यात ते त्या फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, "वेल तीच आहे ना? मग वास कसा येत नाही?" वाढत्या वयात घ्राणशक्ती मंदावते, आणि ती इतक्या सावकाश जाते की घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. (ती अचानक गेली, तर मात्र डॉक्टरांना अवश्य सांगावे.) शिळे अन्न, गॅसची गळती हेही त्यांना कळेनासे झाले असणार, हे त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले. तेव्हापासून शेगडी व फ्रिज यांवर आम्हीच नजर ठेवतो.

सुगंध गेला तरी रंग उरला होता. मधुमालतीची कळी संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी लाल. लांब नळीच्या या फुलांकडे रात्री पतंग येतात, दिवसा मधमाश्या. वडिलांना सकाळचे जेवण आठवत नाही, पण घोसावर बोट ठेवून ते सांगतात, "हे आजचे, हे कालचे, हे परवाचे." त्यात सहसा चूक होत नाही.

पाश्चात्त्य बागांतील हनीसकल ही निराळी वेल. तिला थंड हवा मानवते आणि तिचे पांढरे फूल पिवळे पडते. मराठवाड्याच्या उन्हात मधुमालतीच खरी. आम्ही जून सरता सरता फाटकाजवळ दोन फूट खोल खड्डा घेतला, मुरुमात शेणखत व माती मिसळली आणि शेजाऱ्यांच्या वेलीच्या मुळाशी फुटलेला एक फुटवा लावला. जागा भरपूर उन्हाची हवी, आधारही भक्कम हवा. पावसाच्या पाइपावर ही वेल चढू देऊ नये. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून तो ओसरल्यावर छाटणी करावी. पाने गळल्यावर देठांचे बुंधे काट्यांसारखे टणक होतात, तेव्हा हातमोजे घालावेत. शिडीवर मात्र ज्येष्ठांनी चढू नये. ते काम तरुणांकडे द्यावे. बिया जंतांवर औषध म्हणून प्रसिद्ध असल्या, तरी घरच्या घरी तो प्रयोग नको. जास्त झाल्यास उलट्या व उचक्या लागतात.

पाण्याचा प्रश्न उरतोच. पैठणचा नाथसागर भरलेला असला, तरी आपल्या नळाला रोज पाणी नसते. मूळ धरल्यावर वेल ताण सोसते. पहिले वर्ष तेवढे जपावे लागते. आमच्याकडे डाळ-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवतात आणि ते घालण्याचे काम वडिलांकडे आहे. वेल आता जाळीच्या निम्म्यापर्यंत आली आहे, फूल अजून नाही. घातलेले पाणी विसरून ते कधी कधी पुन्हा बादली उचलतात. मुरुमाची जमीन आहे, पाणी साचत नाही. म्हणून आम्ही काही बोलत नाही.