चौथ्या अंकाचा प्रश्न

नियतकालिक सुरू करणे आणि ते चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती करणारी माणसेही बहुधा वेगळ्या स्वभावाची असतात, आणि मराठी नियतकालिकांची अडचण अशी, की पहिल्या कामाला जो माणूस लायक असतो त्याच्याच गळ्यात दुसरे काम पडते. नाव, मुखपृष्ठ, वर्गणीचा दर, छापखान्याशी करायची घासाघीस यांविषयी येथे सांगण्यासारखे काही नाही, कारण ज्याने एक अंक काढला त्याला ते सारे ठाऊक असते. १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक कोण हे जिल्हादंडाधिकाऱ्यांसमोर लिहून द्यावे लागे, त्या कागदाला घोषणापत्र म्हणत. १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ती खेप वाचवली असून अर्ज आता घरबसल्या करता येतो. त्यामुळे अंक निघणे सोपे झाले, पण निघत राहणे काही सोपे झालेले नाही.

त्या निघत राहण्यातली एकच गोष्ट येथे विचारात घ्यायची आहे. तिला सोयीसाठी चौथ्या अंकाचा प्रश्न म्हणावे. चौथा हा आकडा त्रैमासिकाचा. मासिकाच्या बाबतीत तो सातवा-आठवा असेल, साप्ताहिकाच्या बाबतीत बारावा, पण प्रश्न तोच. पहिला अंक निघतो तेव्हा संपादकाजवळ कित्येक वर्षांची बेगमी असते: डोक्यात घोळत राहिलेले विषय, इतरांनी साभार परत केलेले लेख, मित्रांनी भिडेखातर दिलेल्या कविता आणि ज्यांचा समाचार घ्यायचा राहून गेला अशांची एक यादी. या बेगमीवर तीन अंक सहज निघतात, तिसरा तर पहिल्याहून देखणा निघतो, आणि त्यानंतर संपादक कोऱ्या फर्म्यासमोर, म्हणजे एका वेळी छापायच्या सोळा पानांच्या हिशेबासमोर, येऊन बसतो तेव्हा त्याला कळते, की आपल्याला जे सांगायचे होते ते सांगून झाले आहे. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: मृगावर उगवण सगळ्यांचीच चांगली होते, पावसाने ओढ दिल्यावर कोणाचे पीक उभे राहते एवढेच पाहायचे असते.

या प्रश्नाचे जे उत्तर सर्वत्र दिले जाते ते पैशाचे. पैसा संपतो हे खरे आहे, पण पैसा संपून बंद पडलेले पत्र आणि आतून संपून बंद पडलेले पत्र यांत फरक असतो, आणि तो दोहोंचे शेवटचे अंक शेजारी ठेवले की दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले आणि १९२९ च्या अखेरीस बंद पडले. पाक्षिकाचे बहुतेक रकाने त्यांनी एकट्याने भरले, वर्गणीदार अपुरे होते, तरीही मजकूर आटल्यामुळे ते थांबले असे कोणालाही म्हणता येणार नाही. उलट ज्यांना जाहिरातींची कधीच ददात पडली नाही अशी कितीतरी मासिके चौथ्या अंकापासून मेलेलीच असतात, फक्त त्यांचा दहावा-बारावा वर्धापनदिन साजरा होत राहतो.

दुसरे उत्तर लेखक मिळत नाहीत हे. ते तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीच निकालात काढले आहे. जानेवारी १८७४ पासून 'निबंधमाले'चे ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सर्व मजकूर एकाच माणसाच्या हातचा आहे. विष्णुशास्त्र्यांना ज्याच्याविषयी विलक्षण आदर होता आणि ज्याच्यावर त्यांनी मालेत दीर्घ निबंध लिहिला, त्या डॉ. जॉन्सनने १७५० ते १७५२ या दोन वर्षांत आठवड्याला दोन याप्रमाणे 'रॅम्बलर'चे २०८ अंक जवळपास एकट्याने लिहून काढले, आणि ठरल्या दिवशी लिहिण्याची शिक्षा स्वतःला करून घेणाऱ्याची काय अवस्था होते हे शेवटच्या अंकात नोंदवून ठेवले. म्हणजे जॉन्सनलाही ओढ लागली होती. तरी अंक निघाले. लेखकांची वाण असताना अंक निघतात आणि लेखकांची रांग असताना बंद पडतात, तेव्हा कारण आणखी कुठेतरी शोधायला हवे.

ते शोधण्यासाठी नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, सोडून दूर जावे लागत नाही. येथे या प्रश्नाची दोन अगदी विरुद्ध उत्तरे नांदून गेली आहेत. पहिले 'ज्ञानोदय'. अमेरिकन मराठी मिशनने ते जून १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केले, हेन्री बॅलंटाईन हे त्याचे पहिले संपादक, आणि काही वर्षांतच ते मुंबईला गेले. पुढे शतकाहून अधिक काळ ते चालले, कारण त्याच्यामागे संस्था होती: संपादक बदलत, गाव बदलले, कधी रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा मोठा कवी त्याच्या मराठी विभागाला लाभला, पण कोणा एकाचा उत्साह संपल्याने पत्र संपेल अशी वेळ आली नाही. संस्थेला चौथा अंक नसतोच, तिला फक्त पुढचा अंक असतो. हे मोठेच बळ आहे. तरीही या उत्तराने एकट्याने अंक काढणाऱ्याचे काही भागत नाही, कारण त्याच्यामागे मिशन नसते, बहुधा त्याची बायको असते आणि तिचाही अंकाला विरोध असतो.

दुसरे उत्तर नेवासे तालुक्यातील तरवडीचे. मुकुंदराव पाटील (१८८५-१९६७) हे 'दीनबंधु'कार कृष्णराव भालेकरांचे पुत्र; दत्तक गेल्यामुळे ते पाटील झाले. 'दीनमित्र' नावाचे मासिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या घरातूनच निघून बंद पडले होते. तेच नाव घेऊन मुकुंदरावांनी १९१० साली सोमठाणे येथून साप्ताहिक सुरू केले आणि लवकरच ते तरवडीला नेले. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात आणि वाचकही बव्हंशी खेड्यातला, अशा स्थितीत हे सत्यशोधक साप्ताहिक १९६७ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालले. खेड्यातून निघालेले देशातील पहिले वृत्तपत्र असा त्याचा उल्लेख केला जातो. सत्तावन्न वर्षे साप्ताहिक काढणे म्हणजे चौथ्या अंकाचा प्रश्न शेकडो वेळा सोडवणे होय, आणि तोही रेल्वे, तारघर, ग्रंथालय यांतले काहीही दारात नसलेल्या गावात बसून.

हे त्यांना कसे साधले याचे सोपे स्पष्टीकरण असे, की त्यांच्याजवळ विचार होता. पण विचार असलेली पत्रे काय कमी बुडाली? त्यांच्या लेखनाकडे पाहिले की वेगळी गोष्ट लक्षात येते. 'कुलकर्णी लीलामृत' हे ओवीबद्ध विडंबनकाव्य गावच्या वतनदार लेखनिकाच्या कारवायांवर आहे, 'शेटजी प्रताप' सावकारावर आहे. ज्याला सातबारा वाचता येत नाही, पण पोथी ऐकता येते, अशा माणसाच्या कानाला ओळखीचा असलेला छंद त्यांनी निवडला. कुलकर्णी आणि सावकार हे त्यांचे विषय ग्रंथातून आलेले नव्हते, ते वाचकाच्या ओसरीवर रोज येत होते. मुकुंदरावांना कोणासाठी लिहायचे हे पहिल्या अंकापासून माहीत होते, म्हणून काय लिहायचे हा प्रश्न त्यांना बहुधा पडला नसावा. इतरांचे पहिले तीन अंक कोणाला तरी दाखवण्यासाठी असतात: पुण्यातील परीक्षकाला, प्रतिस्पर्धी संपादकाला, एके काळी लेख परत करणाऱ्याला. ती मंडळी तीन अंक पाहून माना डोलावतात किंवा डोलावत नाहीत, पण चौथा पाहत नाहीत. चौथा अंक फक्त वर्गणीदार उघडतो, आणि त्याच्याशी काय बोलावे हे संपादकाने तोवर ठरवलेलेच नसते.

प्रस्तुत लेखकाने नगरात एक लहान त्रैमासिक दीर्घकाळ चालवले आहे, आणि वरील विवेचन पूर्णपणे निःस्वार्थी नाही हे सांगितले पाहिजे. त्याच्या पहिल्या अंकांचा रोख उघडपणे पुण्याकडे होता. पुण्याहून अभिप्राय आला की तो पोस्टकार्ड घेऊन चितळे रोडपर्यंत उगाच एक चक्कर मारून येई, आणि आजही, अंक टपालात पडल्यानंतर, तिकडून काही येते का याची तो वाट पाहतो. पत्रव्यवहाराचे सदर, म्हणजे वाचकांच्या पत्रांसाठी राखलेली जागा, रिकामी राहू नये म्हणून तो 'एक वाचक, कर्जत' अशा सहीने स्वतःलाच पत्रे लिहीत असे. ही युक्ती मराठी पत्रसृष्टीत जुनी आहे आणि तिच्याविषयी त्याला खेद नाही. उलट, त्या कर्जतच्या वाचकाची भाषा संपादकाच्या अग्रलेखापेक्षा सरस असे, तो खर्डे किल्ल्यावरच्या लेखातील चुका काढी, मध्येच कांद्याच्या भावाची गोष्ट आणी, आणि संपादकाला शेवटी त्याच्यासाठीच लिहावेसे वाटू लागले. चौथा अंक त्या खोट्या वाचकामुळे निघाला. खऱ्या वाचकांची ओळख त्यानंतर झाली, आणि तीही अंकाची वेष्टने स्वतः चिकटवून पत्ते हाताने लिहिल्यामुळे, कारण दर तीन महिन्यांनी तेच नाव, तेच गाव आणि तोच तालुका लिहिणाऱ्या हाताला त्या माणसाचा विसर पडत नाही.

तो हात आता थरथरतो, आणि मुद्रितशोधन, म्हणजे छापण्यापूर्वी कच्च्या प्रतीतील चुका दुरुस्त करण्याचे काम, त्या डोळ्यांना झेपेनासे झाले आहे. वेलांटी पहिली की दुसरी हे भिंगाशिवाय दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नावर लिहिण्याची त्याला गरज वाटली नव्हती. जे हाताला येत होते ते मांडून दाखवण्याचे कारण नव्हते. मग शेवगाव तालुक्यातील एक तरुण शिक्षिका काम शिकण्यासाठी येऊ लागली, आणि तिने ऊसतोडणी कामगार कुटुंबांसाठी स्वतःचे त्रैमासिक काढले. पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. कोयता, म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल घेऊन कारखान्याच्या तळावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततो. अशा वर्गणीदाराला गावच्या पत्त्यावर पाठवलेला हिवाळी अंक कुलूप लावलेल्या दारात पडून राहणार, हे संपादनकलेच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तिने वर्गणीच्या वहीत दोन रकाने आखले, एक गावच्या पत्त्याचा आणि दुसरा तळाच्या पत्त्याचा. नंतर साखरशाळेतील, म्हणजे तळावरच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी शाळेतील, शिक्षकांकडे गठ्ठे धाडायला सुरुवात केली. अंकाची भाषा ओबडधोबड आहे, शुद्धलेखनाविषयी न बोललेले बरे, आणि मुखपृष्ठ पाहून पुण्यात कोणी मान डोलावणार नाही. तरीही तिला काय छापू असा प्रश्न पडलेला दिसत नाही, कारण उचल फिटली का, बैलाचा विमा कोणाच्या नावाने, मुलगी गावी कोणाकडे ठेवायची, हे विचारणारी माणसे तिच्या दारात बसलेली असतात. प्रस्तुत लेखकाला जे खोट्या सहीने मिळवावे लागले ते तिला आयते मिळाले, याचा त्याला आनंद होतो असे लिहिणे शिष्टाचाराला धरून होईल. खरे पाहता त्याला पुष्कळसा मत्सर वाटतो.

या पार्श्वभूमीवर आजच्या नव्या नियतकालिकांविषयी बरे बोलणे कठीण आहे. पहिल्या अंकाचे प्रकाशन सभागृहात होते, पाहुणे मुंबईहून येतात, शाली दिल्या जातात, आणि अंकापेक्षा निमंत्रणपत्रिकेचा कागद जाड असतो. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून एक चांगली परंपरा सुरू केली, पण तिचा आजचा लाभ घेणारे अनेकजण वर्षातून एकच अंक काढतात आणि त्यामुळे त्यांना चौथ्या अंकाला कधी तोंडच द्यावे लागत नाही. साठच्या दशकातील अनियतकालिकांनी, म्हणजे ठराविक मुदत न पाळता निघणाऱ्या लहान पत्रांनी, मराठी कवितेचे भले केले हे मान्य करूनही, मुदत न पाळणे हे तत्त्व म्हणून मिरवण्याची सवय त्यांनीच लावली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत पुण्या-मुंबईच्या मित्रांना मान्य होत नाही. याच्या उलट उदाहरण शेजारच्या औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' काही दशके चालवले आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. मेळाव्यात समोर बसलेला वाचक पुढे लेखक होऊन अंकात येई, त्यामुळे दलित साहित्याच्या एका पिढीला हक्काचे पान मिळाले.

तरवडीच्या साप्ताहिकाविषयी एक गोष्ट मात्र खटकत राहते. सत्तावन्न वर्षे चाललेले पत्र संपादकाबरोबरच थांबले. एका माणसाने वाचकाशी धरलेला संबंध दुसऱ्याच्या हाती देता येतो का, याचे उत्तर 'ज्ञानोदय'कडे होते, पण ते संस्थेचे उत्तर होते, आणि शेवगावच्या शिक्षिकेला वही देता येईल, वहीतली माणसे देता येणार नाहीत. नगरचे त्रैमासिक पुढच्या वर्षी तिच्याकडे सोपवावे की सरळ बंद करावे, हे अजून ठरलेले नाही. तिने मात्र दोन अंक एकटीने काढण्याविषयी नकार कळवला आहे, आणि तो योग्य आहे.

तिच्या स्वतःच्या त्रैमासिकाचा चौथा अंक येत्या हंगामात तळांवर जाईल. ज्या वाचकांकडे असे एखादे नवे नियतकालिक येत असेल त्यांनी पहिल्या अंकाला अभिनंदनाचे पत्र पाठवू नये; ते पाचवा हाती आल्यावर लिहावे, त्यात अंकातील दोन चुका दाखवाव्यात, आणि वर्गणी थकली असल्यास ती सोबत धाडावी.