चेरीतालच्या आत्याचा प्रश्न

मार्च २०२१ मध्ये ज्येष्ठ नागरिकांचे लसीकरण सुरू झाले आणि जबलपूरच्या चेरीताल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याचा दूरध्वनी आला. लग्नानंतर सारा जन्म तिकडेच गेल्यामुळे ती लसीला ‘टीका’ म्हणते. (आमच्या कार्यालयात टीका होई ती लस संपल्यावर.) मी त्या वेळी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात लसपुरवठ्याचे काम पाहत होतो.

“टीक्यानं काही होत नाही ना रे?”

“काही होत नाही,” मी अधिकारवाणीने सांगितले.

हे पूर्ण सत्य नव्हते. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवत, ते क्वचित काही होऊ शकते म्हणूनच. पुढे एप्रिलमध्ये युरोपच्या औषध नियामकाने ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अतिदुर्मीळ धोका मान्य केला. पुण्यात तयार होणारी कोविशील्ड म्हणजे तीच लस.

आत्या केंद्रावर गेली, तेव्हा रांगेत चौघेच होते. कोविशील्डच्या कुपीत दहा डोस असत आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांत संपवावी लागे. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब द्यावा लागत असल्याने सर्वांना दुसऱ्या दिवशी बोलावले गेले. दुसऱ्या दिवशी कुपीच नव्हती. तेथील परिचारिकेला दोष कसा देऊ? तशाच सूचना माझ्या सहीने माझ्या जिल्ह्यात गेल्या होत्या.

एप्रिलच्या आरंभी तिला पहिला डोस मिळाला. दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी मिळायचा होता. १३ मे रोजी ते अंतर बारा ते सोळा आठवडे झाले.

“हे माझ्या प्रकृतीसाठी, की टीका कमी पडला म्हणून?”

मी ब्रिटनमधील निष्कर्ष सांगितले. ते खरेच होते. तिने शांतपणे ऐकले. “मग तुटवड्यातच बरं सुचलं!”

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. वाढती मागणी भागवण्यासाठी हाफकिन यांनी मुंबईत निर्मितीची पद्धत बदलली होती. संशय नेमका तिच्यावर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. टंचाईच्या काळात केलेल्या बदलावर, तो योग्य असला तरी, विश्वास बसणे कठीणच.

जुलैत दुसऱ्या डोसाच्या आदल्या रात्री मी आत्याला म्हणालो, “क्वचित त्रास होऊ शकतो. अर्धा तास उठू नकोस.”

ती पाऊण तास बसली.