नालेची पट्टी

इंग्लंड म्हटलं की आपल्या माणसाला लंडन आठवतं. मी सहा वर्षं काढली ती श्रॉपशायरच्या एका खेड्यात, वेल्सच्या हद्दीलगत. चहूकडं गाई, मेंढ्या आणि वर्षातले आठ महिने चिखल. शेती-अवजारांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी होती आणि राहायला एका म्हाताऱ्याच्या घराची मागची खोली. म्हातारा ऐंशीला टेकलेला, बायको गेलेली, बोलणं मोजकं. त्याच्या गोठ्यात जनावर नव्हतं. बिस्किटांच्या डब्यांत, अंड्यांच्या ट्रेमध्ये आणि गोणपाटाखाली एक मोटरसायकल तेवढी होती. तीही सुटी सुटी.

गाडी बीएसएची, सी-१५ स्क्रॅम्बलर, अडीचशे सीसीची. स्क्रॅम्बल म्हणजे रस्ता सोडून रानातनं केलेली शर्यत. १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्लीजवळ अशी पहिली शर्यत झाली आणि हा शब्द रुळला. साठच्या दशकात हिवाळ्यातल्या शनिवारी बीबीसी या शर्यती दूरचित्रवाणीवर दाखवायची. शेतावरची, कारखान्यातली पोरं आठवडाभर राबून रविवारी उतारावरच्या चिखलात उतरायची. म्हाताराही त्यातलाच. हॉकस्टोन पार्कची वाळूची चढण त्यानं याच गाडीवर चढलेली.

ही सी-१५ साधी, गरिबाला परवडणारी. पण तिचंच इंजिन वाढवत वाढवत बीएसएनं जी गाडी केली, तिच्यावर जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ असा दोनदा पाचशे सीसीच्या वर्गात जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाची सीझेड जिंकली आणि त्या वर्गाचं जगज्जेतेपद ब्रिटिश गाडीकडं परत आलं नाही. म्हातारा हे सांगायचा तेव्हा जुन्या तालमीतल्या पैलवानाचं नाव काढल्यासारखा सांगायचा.

आमची जवळीक झाली ती पान्यामुळं. त्या गाड्यांना मिलिमीटरचा पाना लागत नाही. व्हिटवर्थ नावाच्या माणसानं १८४१ साली आट्यांचं मोजमाप ठरवलं, त्या घराण्यातले पाने लागतात, आणि पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. नवा माणूस तिथंच गोंधळतो. पहिल्या दिवशी त्यानं तीन-अष्टमांशचा पाना मागितला. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "तीन सुती होय?"

"काय म्हणालास?"

मग मी त्याला सूत समजावलं. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. आमच्याकडं अजून गवंडी सळई सुतावर मागतो, फिटर बोल्ट सुतावर मागतो. म्हातारा पाना हातात धरून बघत राहिला. त्याच्या देशानं मोडीत काढलेलं माप सांगली जिल्ह्यातल्या एका गावात बोललं जातंय, याची त्याला मोठी गंमत वाटली. पुढं तोही "थ्री सूत" म्हणायला लागला.

इंजिन उघडलं तर पिस्टन हलेना. तेलाच्या वाटा लाखेसारख्या काहीतरी तपकिरी पदार्थानं बुजलेल्या. मी नखानं खरवडून हुंगलं आणि एकदम आजीची आठवण झाली. एरंडेल! शर्यतीच्या गाड्यांत तेव्हा एरंडाच्या तेलापासून केलेलं तेल घालत. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी एरंडाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून आलेलं. इंजिन कितीही तापलं तरी हे तेल धातूला धरून राहतं. दोष एवढाच, की गाडी उभी ठेवली की ते गोठतं. आम्ही पंधरा दिवस भाग भिजत घातले, लाकडी काड्यांनी वाटा मोकळ्या केल्या. मी म्हणालो, आमच्याकडं हे पोट साफ करायला देतात. म्हातारा म्हणाला, "आमच्याकडंही द्यायचे. शर्यतीत पुढच्याचा धूर फार गिळला तर आपोआपच मिळायचं."

एवढं सगळं चाललं होतं ते मुदतीवर. त्याची लेक शहरात राहायची. वसंत ऋतूत घर विकून बापाला आपल्याकडं न्यायचं तिनं ठरवलेलं, आणि तिचंही चुकत नव्हतं. दोनदा तो जिन्यात पडला होता. गाडीला मात्र तिकडं जागा नव्हती. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन बघून गेला. म्हणाला, इंजिन चांगलं होईल, पण फ्रेमच्या मानेखाली ते पितळेचं ढेकूळ आहे, ते काढा. नाहीतर दुसरी साफ फ्रेम घाला, कॅटलॉगात होता तसा रंग द्या. किंमत जवळजवळ दुप्पट येईल.

ते ढेकूळ म्हाताऱ्याच्या बापानं केलेलं. बाप गावचा लोहार. घोड्यांना नाल ठोकणारा, गाडीच्या चाकाला धाव चढवणारा. ट्रॅक्टर आले, घोडे गेले आणि भात्यापुढं काम उरलं नाही. पोराचं हे चिखलातलं खूळ त्याला पसंत नव्हतं. पण एका शनिवारी सरावात फ्रेम मानेजवळ तडकली, तेव्हा रात्री त्यानं काही न बोलता पट्टी बसवून पितळी वेल्डिंग करून दिलं. रविवारी गाडी पळाली. बापलेकांत त्या गाडीवरनं झालेला गोड व्यवहार तेवढाच.

गाडी पूर्ववत करायची म्हणतात, पण कुठल्या दिवसासारखी? कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी, की त्या रविवारसारखी? शर्यतीची गाडी पहिल्या महिन्यातच बदलायला लागते. हँडल वाकतं, टाकी चेपते, मडगार्ड तुटून पडतं, दुसऱ्या गाडीचं चाक येतं. रिकमन बंधूंनी एकाची फ्रेम, दुसऱ्याचं इंजिन असं जुळवून जी गाडी केली, तिचं नावच त्यांनी मेटिस ठेवलं, म्हणजे संकरित. मला तर वाटे, की कॅटलॉगासारखी गाडी केली तर ती म्हाताऱ्याची राहणारच नाही. पण दुप्पट पैसे माझे नव्हते, त्यामुळं मी गप्प होतो. म्हातारा म्हणाला, "पट्टी राहील. पण धरते का ते बघू."

वर्कशॉपमधून तपासणीचं औषध आणलं. लाल पातळ रंग फवारायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरी पूड मारायची. चीर असली तर आत शिरलेला लाल रंग बाहेर येतो. आला. पट्टीच्या कडेखालून केसाएवढी रेघ खाली उतरली होती. पितळेवर विजेचं वेल्डिंग चालत नाही. पितळ लोखंडात शिरून जोड आणखी फुटतो. म्हणजे पट्टी तापवून काढणं आलं.

त्या रात्री मी गावी आबांना फोन लावला. आबांचं आयुष्य विहिरीवरची इंजनं दुरुस्त करण्यात गेलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आदी चिरीच्या टोकाला भोक पाड. न्हाईतर चीर म्होरं पळती. मग काय करायचं ते कर." दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला सांगितलं तर तो हसला. "तुझ्या बापाला सांग, माझाही बाप हेच म्हणायचा."

पट्टी तापवून उतरवली आणि पितळ कानशीनं साफ केलं, तेव्हा तिच्यात एका ओळीत तीन चौकोनी भोकं दिसली. म्हातारा चष्मा पुसून जवळ आला. ती नाल होती. अर्धी तोडलेली, ठोकून फ्रेमच्या वळणाला बसवलेली. भोकं खिळ्यांची. पन्नासहून जास्त वर्षं रंग आणि पितळेखाली झाकली गेलेली. घोडे गेल्यावर भिंतीला टांगून राहिलेल्या नालांतली एक बापानं उतरवली असणार. म्हाताऱ्यानं ती बराच वेळ हातात धरली. मग म्हणाला, "चल, गॅस पेटव."

त्याचा हात थरथरायचा, काडी धरवेना. म्हणून ज्योत माझ्या हातात आणि डोळे त्याचे. चिरीच्या टोकाला भोक पाडलेलं, चीर कानशीनं उघडलेली, टाकणखार लावलेला. लोखंड वितळवायचं नसतं, नुसतं लाल करायचं. पितळ आपण होऊन धावतं. कमी तापलं तर थेंब गोळा होऊन बसतो, जास्त तापलं तर पांढरा धूर सुटतो आणि जोड पोकळ होतो. म्हातारा रंग बघून सांगायचा, "अजून... अजून... आता!" त्या 'आता'चा रंग आमच्या बांधावरच्या पळसाच्या फुलाचा होता. पितळ नालेच्या तिन्ही भोकांतून वर आलं आणि काठाला लागलं. गार झाल्यावर पुन्हा लाल औषध मारलं. पांढऱ्या पुडीवर रेघ उठली नाही.

मार्चच्या शेवटी गाडी गोठ्याबाहेर काढली. आमच्या जुन्या बुलेटसारखाच उजव्या पायाला गियर, उजव्याच बाजूला किक. नवव्या किकला ती बोलली. एरंडेलाचा गोडसर धूर अंगणभर झाला. म्हातारा बसला नाही. टाकीवर हात ठेवून इंजिन गरम होईपर्यंत उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "वरच्या फाटकापर्यंत जाऊन ये. पण हळू नको."

व्यापाऱ्याला गाडी मिळाली नाही. गावातल्याच दूधवाल्या शेतकऱ्याच्या पोरानं ती निम्म्या किमतीत नेली, जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पळवायला. लेकीनं कपाळाला हात लावला, पण भांडली नाही.

पोरगं दुसऱ्याच शर्यतीत पडलं. त्याला लागलं नाही, हँडल मात्र वाकलं. मी म्हाताऱ्याला शहरात फोन करून कळवलं. पलीकडं क्षणभर शांतता.

"पट्टी धरली?"

"धरली."

"मग त्याला सांग, हँडल टाकून देऊ नको. सरळ होतं ते."