शनिवारचे पेटीवाले

आमच्या गावात बाजारपेठेच्या मागल्या गल्लीत पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांचे दुकान आहे. दुकान कसले, दहा बाय दहाची खोली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोट उघड्या पेट्या, कानशी, पितळी सुरांचे डबे आणि सरसाचा वास. शनिवारी सात वाजले की काका कानस खाली ठेवतात आणि आसपासच्या गावांतले पेटीवाले एकेक करून जमू लागतात. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर, मराठी शाळेतले गुरुजी, एक शिंपी आणि विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळाचे बुवा. या जमावाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला असावा!

मी तिथे प्रथम गेले ती आजोबांची पेटी घेऊन. आजोबा गेल्यावर दोन वर्षे ती माळ्यावर पडून होती आणि उंदरांनी भात्याचे कातडे कुरतडले होते. काकांनी वरची फळी काढली, आत डोकावले आणि म्हणाले, "पोरी, पॅरिसचे सूर आहेत हे. विकू नकोस." मग त्यांनी एक सूर हातात घेऊन दाखवला. चढवायचा असेल तर पितळी पट्टीचे टोक खरवडायचे, उतरवायचा असेल तर मुळाशी. तेही केसाइतकेच, जास्त झाले की सूर गेला. पुढचे चार शनिवार मी नुसती बघत बसले.

या मंडळींत एकच पेटी फिरते. एकाने वाजवायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. श्रोते म्हणून ही माणसे फार वाईट! बोट जरा घसरले की कंडक्टरकाका खोकतात. टाळी कोणी वाजवत नाही. उगाच द्रुत वाजवले तर शिंपीकाका विचारतात, "गाडी पकडायची आहे का?" पण कोणाच्या पेटीचा भाता फुटला, की त्याच्या कार्यक्रमासाठी दुसऱ्याची पेटी सायकलवरून पोचती होते.

पेटीवाल्यांना एक जुना सल आहे. गुरुजी त्यावर बोलू लागले की चहा दोनदा येतो. १८४२ साली पॅरिसच्या दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारायचे. मांडी घालून बसणाऱ्यापुढे मावेल आणि हाताने भाता मारता येईल अशी पेटी पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी घडवली आणि ती घरोघर गेली. पण तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर ठोकळ, श्रुतींना तिथे जागा नाही, असे आक्षेप आले. रवींद्रनाथांनाही ती आवडत नसे. १९४० साली रेडिओने तिला दारच बंद केले. बंदी सैल झाली ती १९७१ साली, तीही अंशतः. म्हणजे ज्या काळात गोविंदराव टेंब्यांची बोटे लोकांच्या कानांत अजून ताजी होती, त्याच काळात रेडिओवर पेटी मुकी होती. टेंबे 'मानापमाना'चे संगीतकार, भास्करबुवांचे साथीदार. गुरुजी म्हणतात, "एकतीस वर्षं! तेवढ्यात माणसाची नोकरी संपते." मला विचाराल तर आक्षेप अगदीच खोटे नव्हते. पण हे मी त्या खोलीत बोलत नाही.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षीच्या सप्ताहात बुवांनी मला साथीला घेतले. मी हरखले होते. बुवा तेव्हा आजारातून उठलेले. तिसऱ्या अभंगात अंतऱ्याला त्यांचा दम तुटला आणि ते थांबले. ती मोकळी जागा मला हवीच होती. मी ताना सुरू केल्या, एकीत दुसरी, मग तिसरी. मंडपात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आमच्या कॉलेजची मंडळी होती, हेही खरे. बुवा दोनदा ओळ उचलायला आले आणि दोन्ही वेळा माझी पेटी त्यांच्या आधी पुढे गेलेली. मग ते नुसते टाळ धरून बसले. त्यांचे हात हलत होते, पण तोंड मिटलेले होते.

पुढच्या शनिवारी मी भीतभीत गेले. कोणी काही बोलले नाही. माझ्यापुढे पेटी आली तेव्हा काका म्हणाले, "आज तू षड्ज धर." शिंपीकाका गायला बसले आणि दीड तास मी एकच पट्टी दाबून भाता हलवत होते. भाता जरा कमीजास्त झाला की सूर थरथरतो, आणि सूर थरथरला की गाणारा बिचकतो. हात भरून आला. गाणारा श्वास कधी घेतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसले. शिंपीकाका श्वासाआधी मान किंचित डावीकडे नेतात. बुवाही तेच करतात. मंडपात मी त्यांच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

घरी जाताना बुवा बरोबर होते. मी माफी मागितली. "तुझ्या आजोबांनीही एकदा मला असंच बुडवलं होतं," ते म्हणाले आणि खोकत खोकत हसले.

यंदाच्या सप्ताहाला त्यांनी मला पुन्हा बोलावणे धाडले. मी पेटी मांडली आणि सवयीने काळी दोनवर बोट ठेवले. तीस वर्षे ते त्याच पट्टीत गात आले आहेत. बुवा माझ्याकडे वाकले आणि माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "काळी एक."

मी बोट खाली घेतले.