मांझानारच्या कुंपणाआत

लॉस एंजेलिसहून उत्तरेकडे जाताना मोहावीचं वाळवंट ओलांडलं की ३९५ क्रमांकाचा महामार्ग ओवेन्स खोऱ्यात शिरतो. डावीकडे सिएरा नेवाडाचे कडे, उजवीकडे उघडेबोडके इन्यो डोंगर. लोन पाइन गाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात पहाऱ्याचा मनोरा दिसतो, तीच मांझानारची जुनी छावणी. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं, शेतं, दुकानं सोडायला लावून अशा दहा छावण्यांत कोंडण्यात आलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. एकट्या मांझानारमध्ये दहा हजारांवर माणसं होती. बराकींच्या जमिनीच्या फळ्यांमधून वाळू वर येई म्हणून भोकांवर डब्यांची झाकणं ठोकत. बायकांचा संडास आता पुन्हा बांधलाय: कमोड ओळीने मांडलेले, मध्ये साधा आडोसाही नाही.

युद्धाच्या भीतीपोटी घडलेली चूक, असं या प्रकरणाबद्दल आजही बोललं जातं. मांझानार पाहताना मला ते मुळीच पटत नाही. छावणीत ‘चिल्ड्रन्स व्हिलेज’ नावाचं अनाथालय होतं. युद्धकाळात तिथे एकूण १०१ मुलं राहिली. त्यांत तान्ही बाळं होती, आईबापांपैकी एकच जपानी असलेली मुलंही होती. पाळण्यातल्या बाळापासून कोणत्या बंदराला धोका होता? शोध हेरांचा नव्हताच, तो रक्ताचा होता. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर लोक घाबरले होते, हे खरंच आहे, आणि ती भीती मी खोटी मानत नाही. पण बॉम्ब पडले ते हवाईत. तिथे जपानी वंशाचे लोक दीड लाखांहून जास्त, म्हणजे लोकसंख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक होते, आणि तिथे स्थानबद्ध झाले ते फार तर दोनेक हजार. कारण त्यांच्या श्रमावाचून बेटांचा गाडा चालला नसता. उलट कॅलिफोर्नियात त्यांची शेती बळकावायला टपलेले लोक होते. तिथे १९१३ पासूनच जपानी स्थलांतरितांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी होती, आणि ते गोरे नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये सांगितलं. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद या भारतीयालाही तेच उत्तर मिळालं. युद्धाने या जुन्या आकसाला फक्त हुकूम आणि बंदूक दिली. जमावापासून त्यांचंच रक्षण करायला छावण्या काढल्या, असंही म्हणतात. मग मनोऱ्यांवरचे प्रकाशझोत आत का रोखलेले होते?

राहिला मुद्दा वेळेचा. एकेकाची चौकशी करायला सवडच नव्हती, असं सरकार न्यायालयात म्हणालं आणि हुकूम मोडल्याबद्दल फ्रेड कोरेमात्सूंवर भरलेला खटला १९४४ मध्ये जिंकलं. पश्चिम किनाऱ्याचे लष्करी प्रमुख जनरल डेविट यांच्या अहवालाच्या मूळ छापील प्रतीत मात्र वेळ अपुरा असल्याचं कारण नव्हतंच. वंशामुळे यांच्यातले निष्ठावान आणि बेइमान वेगळे काढताच येत नाहीत, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. तो मजकूर बदलून जुन्या प्रती जाळण्यात आल्या. एक प्रत वाचली. ती १९८२ मध्ये संशोधक आयको हर्झिग-योशिनागा यांना सापडली; त्या स्वतः तरुणपणी मांझानारमध्ये डांबल्या गेल्या होत्या. अशा दडवलेल्या कागदांच्या बळावर १९८३ मध्ये कोरेमात्सूंची शिक्षा रद्द झाली.