पालीच्या शेजारी

मैत्रिणींनो, छत्रपती संभाजीनगरला याल तेव्हा वेरूळ-अजिंठा पाहालच. पण थोडा वेळ काढून विद्यापीठालगतच्या नागसेनवनातही जा. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं महाविद्यालय इथलंच. त्याचं ‘मिलिंद’ हे नाव आणि ‘नागसेन’, दोन्ही ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. मिलिंद राजा प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरं देतो.

विद्यापीठात पालीत एम. ए. करता येतं. भाषा परकी वाटते? ‘घर’ तिथं घरच, ‘हत्थ’ म्हणजे हात, ‘भत्त’ म्हणजे भात. फसवते ती ‘खीर’. पालीत खीर म्हणजे नुसतं दूध! मूळ ग्रंथ वाचायचा, तर व्याकरण घोटावंच लागतं.

‘संसारात आता कुठलं शिकणं?’ असं म्हणू नका. प्रश्न विचारायला राजा लाजला नाही. मग आपणच का लाजायचं?